फळीपाशी उभा असलेला माणूस

चेरुकुळम
३ एप्रिल १९८६

आदरणीय राघवेट्टन यांस,
सुकुमारनचा नमस्कार.

पत्राला कारण सरकारी आहे, हे आधीच सांगतो. मेहुणा खुशाली विचारायला लिहितोय असा गैरसमज तिसऱ्या ओळीपर्यंत टिकायला नको. तंकमताई आणि मुलं बरी असतीलच.

सोबत एक पुस्तिका पाठवतो आहे, 'ओझे उचलण्याची सुरक्षित पद्धत'. मजकूर मीच मल्याळममध्ये आणला. आठ चित्रं आहेत, ती परदेशातून आली तशीच छापली. चित्रातल्या माणसाने बूट आणि पँट घातली आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान आहे. ओझं उचलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आजवर पाहिलेलं नाही. पण मग, मी अशा माणसांचे चेहरे किती वेळा पाहिले, असा प्रश्न डायरी लिहिताना पडला आणि उत्तर काही बरं आलं नाही. कामगार सुरक्षेचा निरीक्षक म्हणून मी आठ वर्षं पगार घेतो आहे. या आठ वर्षांत मी एकही पोतं उचललेलं नाही. आमच्या कार्यालयात याला तटस्थता म्हणतात.

दोन विनंत्या. एक, ही पुस्तिका तुमच्या टोळीला वाचून दाखवावी. दोन, एप्रिलच्या शेवटी मी दोन दिवस पुळिक्कडवच्या घाटावर येऊन तुमचं काम पाहीन आणि अहवाल देईन. तुम्ही टोळीचे लीडर, म्हणून आधी कळवतो.

तिसरी गोष्ट विनंती नाही, नियम आहे. टोळीच्या सरकारी यादीतला प्रत्येक माणूस स्वतः ओझं उचलणारा हवा. जो उचलत नाही त्याचं नाव काढलं जाईल आणि बिल्ला परत घेतला जाईल. नुसतं उभं राहून बघण्याची मजुरी ही आपल्या राज्याला लागलेली कीड आहे, असं आमचे वरिष्ठ म्हणतात. ते हे बसून म्हणतात.

तुमचा,
सुकुमारन


पुळिक्कडव
११ एप्रिल १९८६

प्रिय सुकू,

पुस्तिका मिळाली. चहाच्या सुट्टीत शेडमध्ये बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. गावच्या वाचनालयात आजवर पुष्कळ वाचून दाखवलंय, पण इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. पहिल्याच चित्राला कोरनने हात वर केला.

"हा काय उचलतोय?"

"पेटी."

"पेटीत काय आहे?"

"लिहिलेलं नाही."

"मग रिकामी आहे. तोंड बघ ना त्याचं."

दुसरं चित्र, गुडघे वाकवून जमिनीवरून ओझं उचलणे. पौलोस म्हणाला, शंभर किलोच्या पोत्यापुढे असा उकिडवा बसलो तर उठायच्या आधी बायकोला निरोप पाठवावा लागेल. तुझ्या माहितीसाठी सांगतो, आमच्याकडे जमिनीवरून एकट्याने पोतं कुणी उचलत नाही. दोघे चढवतात, तिसरा चुंबळीवर घेतो आणि चालायला लागतो. जमिनीवरून एकट्याने उचललेलं पोतं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. तो माणूस चोर होता आणि त्याचे गुडघे, आता आठवतं, अगदी नियमाप्रमाणे वाकलेले होते.

आमच्या टोळीतला सगळ्यात जुना माणूस म्हणजे बीरानिक्का. त्याने पुस्तिका हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आठही चित्रं उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "हा माणूस उभा कशावर आहे? जमीन कुठे काढलीय?" मीही पाहिलं. खरंच, आठ चित्रांत कुठेही जमीन नाही. तुझा माणूस बूट घालून हवेत उभा आहे. म्हणूनच सुखी असावा.

तू ये. तंकमने उकडलेला कप्पा आणि करीमीन मासा ठरवून ठेवलाय. टोळीत बारा नावं आहेत, बाराही जण उचलतात, काळजी नसावी. नियमाबद्दल म्हणशील तर आमच्यापैकी नुसतं उभं राहणारं कुणी नाही. घाटावर तेवढी जागाच नसते.

तुझा,
राघवन


चेरुकुळम
५ मे १९८६

आदरणीय राघवेट्टन,

दोन दिवसांच्या पाहुणचाराबद्दल आभार. ताईला सांगा, मासा अजून आठवतो. आणि आता जे लिहितो ते त्या माशाला जागून लिहायला हवं होतं, असं तिला वाटेल.

मी अहवाल दिला आहे. त्यात सगळं खरं लिहिलं. होडीपासून घाटापर्यंतच्या त्या अरुंद फळीवरून तुम्ही माणसं डोक्यावर पोतं घेऊन ज्या चालीने जाता, ते पाहताना मी शेजारचा खांब धरून उभा होतो, हे अहवालात कसं लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून 'हालचाली सराईत' असं लिहिलं. अकरा माणसांच्या हालचाली सराईत.

बाराव्या माणसाची हालचालच नव्हती. बीरान कोया, तुमचे बीरानिक्का, सकाळी सातपासून बारापर्यंत फळीच्या टोकाशी उभे होते. मी मोजत होतो. त्यांनी एकाही पोत्याला हात लावला नाही. मधूनच ते "पाय" किंवा "थांब" असं काहीतरी म्हणायचे, पाण्याकडे बघायचे, फळी जरा सरकवायचे आणि पुन्हा उभे. मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, त्याला आज ताप आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तेव्हाही ताप होता. मी त्यांच्या हाताला हात लावून पाहिला, राघवेट्टा. हात गार होता.

मी तुमचं नाव कुठेही लिहिलं नाही. 'बारापैकी एक व्यक्ती दोन्ही दिवस प्रत्यक्ष उचल करताना आढळली नाही', एवढंच वाक्य आहे. ते खोडावं का, यावर मी दोन दिवस विचार केला. वाक्य खरं होतं. खरं वाक्य नात्यासाठी खोडलं, तर मग बाकीच्या अहवालावर मी तरी का विश्वास ठेवावा? असं डायरीत लिहिलं आणि वाचल्यावर ते मला फारच छान वाटलं. छान वाटलं म्हणून जरा शंकाही आली. पण तोवर अहवाल टपालात पडला होता.

तुमचा,
सुकुमारन


पुळिक्कडव
२४ जून १९८६

श्रीयुत निरीक्षक साहेब यांस,

आपलं खरं वाक्य पोचलं. काल त्याचा हुकूम होऊन आला. टोळी क्रमांक सात, अनुक्रमांक चार, बीरान कोया, वय एकसष्ट, नाव कमी करण्यात येत आहे, बिल्ला सात दिवसांत जमा करावा, सदर व्यक्तीने माल चढ-उताराच्या आवारात प्रवेश करू नये.

बीरानिक्काने सात दिवस घेतले नाहीत. आज सकाळीच आला. हमालीचा निळा शर्ट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आणला होता, त्यावर बिल्ला. म्हणाला, "शर्टाचं हुकमात काही लिहिलेलं नाही, पण बिल्ल्याशिवाय तो घालून काय करू?" मग आवाराला लावलेल्या दोरीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि तिथून घरी गेला. घरी तो काय करेल ते सांगतो. त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त बसता येत नाही आणि तासाभरापेक्षा जास्त पडता येत नाही. उभा राहू शकतो, दिवसभर. त्याची पाठ तेवढ्याच कामाची उरली आहे आणि ते काम तू काढून घेतलंस.

आता तुला खरं सांगतो. तू ज्याला नुसतं उभं राहणं म्हणतोस, ते असं. आमचं पाणी समुद्राला जोडलेलं. भरती-ओहोटीने होडी वर-खाली होते, तशी फळी कधी चढण होते, कधी उतार. डोक्यावर शंभर किलो घेतलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. मान खाली घातली की मान गेली. आमचे पाय बीरानिक्का बघतो. फळीच्या आवाजावरून त्याला कळतं कोणतं टोक सरकलं, शेवाळ कुठे धरलंय, कोण दमलाय. "पाय" म्हणाला की आम्ही पाय अलगद टाकतो, "थांब" म्हणाला की शंभर किलोसकट थांबतो. चौदा वर्षांपूर्वी तो पोत्यासकट याच फळीवरून खाली दगडांवर पडला. तेव्हा तिथे बघायला कुणी उभं नव्हतं. सहा महिन्यांनी काठी टेकत परत आला आणि उभा राहिला. त्यानंतर या फळीवरून एकही माणूस पडलेला नाही. चौदा वर्षांत एकही नाही.

मी तुला ताप सांगितला. खोटं बोललो. तुझा नियम वाचल्यावर खरं सांगायचं धाडस झालं नाही. घरातल्या माणसाला खरं सांगायला धाडस लागावं, ही तुझ्या नोकरीची थोरवी.

आता तो उभा राहायचा तिथे आपल्या कार्यालयाने रंगवलेला फलक पाठवला आहे. आठ चित्रं, मोठी करून. आम्ही तो लावला. फलकही नुसता उभा असतो, पण त्याचं नाव कुठल्या यादीत नाही, म्हणून चालतं.

आपला आज्ञाधारक,
के. राघवन
लीडर, टोळी क्रमांक सात

ता.क. तंकम म्हणते, सुकूला लिहा, पुढच्या वेळी मासा मिळणार नाही.


चेरुकुळम
६ जुलै १९८६

आदरणीय राघवेट्टन,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. हे तुम्ही एप्रिलमध्ये सांगितलं असतं तर मी ते वाक्य लिहिलंच नसतं. दुसऱ्यांदा वाचताना प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं, खरंच लिहिलं नसतं का? तिसऱ्यांदा उत्तर द्यायचं टाळण्यासाठी वाचलं.

मी पाच तास त्यांच्याकडे बघत होतो आणि ते काय करताहेत ते मला दिसलं नाही. त्यांचे हात रिकामे होते एवढंच दिसलं. मी हातांचा निरीक्षक निघालो.

वरिष्ठांकडे गेलो. तुम्ही लिहिलेलं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे या माणसामुळे अपघात झाले नाहीत?"

"हो साहेब. चौदा वर्षं."

"उत्तम. त्या न झालेल्या अपघातांची नोंद कुठे आहे?"

"न झालेल्याची नोंद कशी असेल, साहेब?"

"मग ते झाले नाहीत कशावरून?"

मी बाहेर येऊन डायरीत हा संवाद लिहून ठेवला. पुन्हा वाचला तेव्हा त्यात मला कुठेही व्याकरणाची चूक सापडली नाही.

बीरानिक्कांना माझा नमस्कार सांगा असं लिहिणार होतो. मग वाटलं, त्यांनी त्या नमस्काराचं काय करायचं?

तुमचा,
सुकुमारन


पुळिक्कडव
२ ऑगस्ट १९८६

प्रिय सुकू,

नमस्कार सांगितला. बीरानिक्का म्हणाला, "साहेब चांगला माणूस आहे. उन्हात दोन दिवस उभा राहिला, एकदा छत्रीसुद्धा उघडली नाही." त्याला माणसं पायांवरून कळतात. तुझे पाय त्याला बरे वाटले असावेत.

आता आनंदाची बातमी. घाटासमोर रस्त्यापलीकडे चात्तुण्णीची चहाची टपरी आहे, तुला आठवेल. ती आवाराच्या बाहेर आहे. गेला महिनाभर बीरानिक्का रोज सकाळी सातला तिथे येतो, एक काळा चहा सांगतो आणि बारापर्यंत उभा राहून तो पितो. तिथून फळी दिसते. फक्त आता मधून रस्ता जातो, म्हणून ओरडावं लागतं. "पाऽऽय." अख्खा बाजार थबकतो. परवा एक सायकलवाला खाली उतरला. चात्तुण्णी म्हणतो, "माझं गिऱ्हाईक एक घोट घेतं आणि बारा वेळा किंचाळतं, लोकांना वाटतं मी चहात काहीतरी घालतो."

मजुरी नाही, बिल्ला नाही, शर्ट नाही. पण महिन्यात अपघातही नाही. आणि इथेच तुझं कार्यालय आमच्या मनाला भिडलं. काल तुमचं प्रमाणपत्र आलं. 'अतिरिक्त मनुष्यबळ कमी करूनही शून्य अपघात, योजनेचे उल्लेखनीय यश.' कोरनने विचारलं, हे आपण फलकाशेजारी लावायचं की बीरानिक्काच्या पाठीला?

त्याचा आवाज बसत चाललाय, सुकू. एकसष्ट वर्षांचा माणूस रोज पाच तास रस्त्यापलीकडे ओरडतो. ओणम तोंडावर आलाय, तांदळाच्या होड्या दुप्पट झाल्यात. त्याला बिल्ला परत मिळेल असं काहीतरी कर. तुझ्याकडून आयुष्यात पहिल्यांदा काही मागतो आहे. हे वाक्य लिहायला मला पुस्तिकेतल्या आठही पद्धती वापराव्या लागल्या.

राघवन


चेरुकुळम
९ ऑगस्ट १९८६

आदरणीय राघवेट्टन,

ते यशाचं प्रमाणपत्र मलाही मिळालं, चौकटीत घालून. परत करायला गेलो तर परत घेण्याची पद्धत नाही असं कळलं.

पण आता धीर धरा. मी सहा पानांचं टिपण वर पाठवलं आहे. काही लपवलं नाही. भरती-ओहोटी, फळी, चौदा वर्षं आणि ते आजही चहाच्या टपरीवरून विनामोबदला तुमचे प्राण कसे वाचवतात, सगळं लिहिलं. टपरीचा नकाशासुद्धा जोडला. इतकं स्पष्ट सत्य वाचून कुणाच्याही मनाला पाझर फुटेल.

दुसरा एक मार्ग आहे, पण तो सुचवत नाही. नाव कमी झालेल्या कामगाराला नव्याने अर्ज करता येतो. त्यासाठी कार्यालयात निरीक्षकासमोर पन्नास किलोचं पोतं जमिनीवरून टेबलापर्यंत एकट्याने उचलून दाखवावं लागतं. हे बीरानिक्कांना सांगू नका.

तुमचा,
सुकुमारन


पुळिक्कडव
५ सप्टेंबर १९८६

प्रिय सुकू,

हे पत्र मी खाटेवरून लिहितो आहे, म्हणून अक्षर वाकडं. मन सरळ आहे.

तुझं टिपण वाचून पाझर फुटला. सव्वीस तारखेला हवालदार आला, हातात तुझा नकाशा. चात्तुण्णीच्या टपरीवर बोट ठेवून म्हणाला, "अनधिकृत इसम इथून कामगारांना सूचना देतो, असं खुद्द निरीक्षकांनी लेखी कळवलंय." बीरानिक्काने राहिलेला चहा प्यायला, ग्लास विसळून ठेवला आणि गेला. तुझ्या सत्याने त्या माणसाला दोनदा हाकललं आहे. एकदा आतून, एकदा बाहेरून.

तीस तारखेला मी पडलो. ओहोटी होती, फळीचं पाण्याकडचं टोक सरकलं. मला काही ऐकू आलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं कुणी काही म्हणालंच नाही. घोटा मोडला, गुडघा सुजलाय. पोतं डोक्यावर न पडता शेजारी पडलं, म्हणून तुला मेहुणा उरला आहे. डॉक्टर म्हणतो तीन महिने.

अपघाताचा अर्ज भरायला तुझ्या कार्यालयातून माणूस आला होता. भला माणूस. त्याने पहिला प्रश्न विचारला, "उचलताना गुडघे वाकवले होते का?"

मी म्हटलं, "उचलताना नाही. पडताना वाकले."

"पाठ सरळ होती?"

"आता आहे. बघा ना, कशी सपाट पडलीय."

त्याने 'होय' लिहिलं. कारण या रकान्यात 'पद्धतीचे अपुरे ज्ञान' असं लिहून गेला. आता आणखी फलक येणार आहेत.

पण पत्र त्यासाठी नाही. नीट वाच. बीरानिक्काला चाचणीचं कळलं आहे. मी सांगितलं नाही, तुमच्या त्या भल्या माणसानेच सांगितलं. काल तो माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मंगळवारी चेरुकुळमला जातो. पोतं उचलतो, बिल्ला घेतो, परत येतो." मी म्हटलं, इक्का, डॉक्टरने काय सांगितलं होतं? एक पोतं उचललंस तर परत उभा राहणार नाहीस. म्हणाला, "उभं राहायला जागा नसेल तर उभा राहून काय करू?"

मग मी चूक केली. मी म्हटलं, तिथला निरीक्षक माझा मेहुणा आहे, तो काही तरी करेल. त्यावर तो हसला. "तो खोटं लिहीत नाही, राघवा. तूच सांगितलंस ना. मग मला खरंच उचलायला हवं."

त्याला कुणी अडवू शकत नाही. पौलोस सोबत जातो म्हणाला, तर नको म्हणतो, एकाच्या मजुरीचं नुकसान कशाला. तो एकटा येईल, पहिल्या बसने. मी खाटेवर आहे. उरलास तू. तुझ्या सत्याला आजवर माणूस पुरत आला, मंगळवारी त्याची पाठ लागणार आहे. तुला जमतं ते कर.

राघवन


चेरुकुळम
९ सप्टेंबर १९८६

आदरणीय राघवेट्टन,

बीरानिक्का दुपारच्या बसने निघाले आहेत, चालत, दोन्ही पायांवर. हे आधी लिहितो. बाकीचं सावकाश वाचा.

ते साडेनऊला आले. पांढरा शर्ट, नवी चुंबळ घडी करून काखेत. चाचणीसाठी समोरच्या रेशनच्या दुकानातून तांदळाचं पोतं आणून मागच्या खोलीत ठेवलं होतं. आमचा शिपाई जोसफ साक्षीदार. मी कालपासून ठरवत होतो की त्यांना समजावीन. काय समजावणार, याची डायरीत यादीही केली होती. ते दारात दिसले आणि यादीतला एकही मुद्दा त्यांच्यासमोर वाचण्यासारखा वाटला नाही.

खोलीत शिरल्यावर त्यांनी पोत्याकडे पाहिलंच नाही. जमिनीकडे पाहिलं. कडेकडेने चालत गेले, एका फरशीवर पाय दाबला आणि म्हणाले, "ही हलते." मग माठाकडे बोट केलं. "तिथे ओल आहे. पुसून घ्या." जोसफने पुसलं. मग जोसफला म्हणाले, "तुम्ही वाटेत उभे आहात."

"आजोबा," जोसफ म्हणाला, "इथे बघायचं नसतं, उचलायचं असतं."

"बघितल्याशिवाय कसं उचलायचं?"

त्यांनी कमरेचा मुंडू वर खोचला. पोत्यासमोर गेले. खाली वाकण्यासाठी त्यांनी एक हात टेबलाला धरला, राघवेट्टा, आणि त्या हाताच्या शिरा मला चार हातांवरून दिसल्या. त्यांचा चेहराही मी पाहिला. त्यावर काहीच नव्हतं. त्यांनी सगळं आधीच मान्य केलेलं होतं.

माझ्यापुढे अर्ज होता. मी लिहिलं, 'बीरान कोया यांनी माझ्यासमोर पन्नास किलोचे पोते जमिनीवरून टेबलापर्यंत एकट्याने उचलले.' सही केली. तारीख घातली. ते अजून अर्धेच वाकले होते.

"थांबा," मी म्हटलं. "झालं."

"काय झालं?"

"उचललंत तुम्ही."

"मी अजून हात लावला नाही, साहेब."

"मी पाहिलं."

 जोसफ माझ्याबरोबर आठ वर्षं आहे. एकदा बस चुकली म्हणून मी स्वतःचीच अर्ध्या दिवसाची रजा मांडली होती, तो अर्ज त्यानेच वर नेला होता. मग त्याने पेन मागितलं. "खाली विचारलंय, पाठ सरळ होती का."

"होती."

"गुडघे?"

"वाकलेले."

त्याने साक्षीदाराच्या जागी सही केली. वर्षानुवर्षं मी जे खरं लिहीत आलो ते या कार्यालयात कुणी दोनदा तपासल्याशिवाय पुढे गेलं नाही. हे खोटं अकरा मिनिटांत तीन शिक्के घेऊन परत आलं. नवा बिल्ला तयारच होता, क्रमांक तोच, सात, चार. उद्या कुणी विचारलं तर जबाब मी देईन, जोसफचं नाव येऊ देणार नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. मला पश्चात्ताप होईल अशी मी दिवसभर वाट पाहिली. होतो आहे, पण वेगळ्याच गोष्टीचा. हेच मी मे महिन्यात एक वाक्य न लिहून करू शकलो असतो.

बीरानिक्का मात्र खूश नव्हते. बिल्ला त्यांनी उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठी असं लिहायला नको होतं. मी उचललं असतं." मी म्हटलं, "माहीत आहे, म्हणूनच लिहिलं." त्यावर त्यांनी मान हलवली, पटलं म्हणून की माझी कीव आली म्हणून, ते कळलं नाही. मग पोत्याकडे बघून म्हणाले, "हे दुकानात परत कोण नेणार?"

हा प्रश्न कार्यालयात कधी कुणाला पडला नव्हता. दर चाचणीनंतर रेशनवाला त्याचा हमाल पाठवतो, आज तो हमाल रजेवर होता. तेव्हा एका बाजूला जोसफने धरलं आणि दुसऱ्या बाजूला मी. माझं आयुष्यातलं पहिलं पोतं, तेही अर्धंच. गुडघे वाकवले. पाठीचं काय झालं ते सांगता येत नाही, कारण बघणारा माझ्या पायांकडे बघत होता. पोतं छातीशी आलं आणि त्याबरोबर खालचं सगळं दिसेनासं झालं. फरशी नाही, पाय नाहीत. मी आठ चित्रांचा मजकूर भाषांतरित केला, पण पोतं उचलल्यावर माणूस आंधळा होतो हे कुठल्याही चित्रात नव्हतं. मी घाबरलो, आणि ते त्यांना माझ्या पायांवरून कळलं असावं.

"चला," ते बाजूने म्हणाले, आवाज अगदी बसलेला, पण शांत. "सरळ. अजून सरळ. जोसफ, दमाने. आता थांबा, साहेब. उजवा पाय. पायरी आहे."

आठ वर्षं मी त्या खोलीत ये-जा करतो. तिथे पायरी आहे हे मला माहीत नव्हतं.

तुमचा,
सुकुमारन